इंग्रजीचा अध्यापक आणि मराठीचा कवी : गो. वि. करंदीकर यांच्या वाङ्मयीन कारकिर्दीचा एक विचार

अर्वाचीन मराठी काव्याचा इतिहास आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास हे परस्परांपासून तोडून लिहिता येणारे विषय नव्हेत. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि थोड्याच वर्षांत देशी भाषांना उच्च परीक्षांतून बाजूस सारण्यात आले. न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नेट लावला, तेव्हा कोठे एम.ए.च्या परीक्षेत मराठीस प्रवेश मिळाला. बी.ए.च्या वर्गात तिला स्थान मिळण्यास तर आणखी काळ जावा लागला. मधल्या दीर्घ काळात ज्याला महाविद्यालयात राहून काव्याचा अभ्यास करावयाचा असे, त्याला तो इंग्रजी किंवा संस्कृत काव्याचाच करावा लागे. मराठी कविता वर्गाबाहेर वाचावयाची व वर्गाबाहेर लिहावयाची, ही स्थिती दोन-तीन पिढ्यांच्या इतकी अंगवळणी पडली की, पुढे मराठीचे स्वतंत्र विभाग निघाल्यावरही अनेक कवींनी उपजीविकेसाठी इंग्रजीचेच अध्यापन पत्करले. गोविंद विनायक करंदीकर, म्हणजेच विंदा करंदीकर (१९१८–२०१०), हे या परंपरेतील सर्वात परिपूर्ण उदाहरण होय.

परंपरा म्हणावयाची ती कोणती, हे आधी थोडक्यात पाहणे इष्ट आहे. केशवसुत (१८६६–१९०५) महाविद्यालयात कधीच शिकवीत नव्हते. फैजपूर आणि धारवाड येथील शाळांत त्यांची उमेदीची अखेरची वर्षे गेली. परंतु इंग्रजी सुनीताचा चौदा ओळींचा बंध त्यांनी १८९२ च्या सुमारास मराठीत आणला तो शिक्षकाच्या टेबलावरील पाठ्यपुस्तकातूनच, असे मानावयास पुष्कळ जागा आहे. ज्या फैजपुरात केशवसुतांनी नोकरी केली, तेथेच १९०९ मध्ये बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म झाला. हा योगायोगच. त्यातून काही सिद्ध होत नाही, परंतु खानदेशातील एका लहानशा गावाने मराठी काव्याची दोन वळणे पाहिली, ही गोष्ट नोंदण्यासारखी खास आहे. मर्ढेकर इंग्लंडला जाऊन आले, काही काळ महाविद्यालयांत इंग्रजी शिकवून १९३८ मध्ये आकाशवाणीच्या सेवेत शिरले आणि १९५६ मध्ये दिल्लीस निधन पावले. अध्यापन हा त्यांच्या आयुष्यातील एक टप्पा होता, व्यवसाय नव्हे. सदानंद रेगे, विलास सारंग, भालचंद्र नेमाडे ही पुढील नावे. यांपैकी प्रत्येकाचा इंग्रजीशी असलेला संबंध वेगळ्या प्रकारचा आहे. करंदीकरांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी इंग्रजीच्या अध्यापनाला आपल्या मराठी लेखनापासून अलग ठेवले नाही, किंवा त्याच्यापुढे मानही तुकवली नाही. वर्गात जे शिकवावे लागले त्याचा हिशेब त्यांनी मराठीत चुकता केला.

करंदीकरांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी देवगड तालुक्यातील धालवली या गावी झाला. हा तालुका त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होता, आता तो सिंधुदुर्गात मोडतो. लाल मातीचा, भाताच्या खाचरांचा आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगणारा हा मुलूख. धालवलीची माणसे त्यांच्या कवितेत पुढे नावानिशी आली. 'धोंड्या न्हावी'सारख्या व्यक्तिचित्रात्मक कवितांचे मूळ या प्रदेशात आहे. शिक्षण मात्र कोल्हापुरात झाले, आणि हे महत्त्वाचे आहे. संस्थानी कोल्हापूर त्या काळी साहित्याच्या दृष्टीने मोठे गजबजलेले होते. राजाराम महाविद्यालयात माधव जूलियन फारसी शिकवीत, ना. सी. फडके यांच्याकडे तर्कशास्त्र व मानसशास्त्र होते. कवी म्हणजे पंडित असू शकतो, आणि कादंबरीकाराला सकाळी वर्गावर जावे लागते, हे दृश्य कोल्हापुरातील तरुणास नवे नव्हते. माधव जूलियनांनी फारसीतून गझल मराठीत आणली, इंग्रजीतून आलेल्या सुनीताची 'तुटलेले दुवे' (१९३८) ही दीर्घ माळ गुंफली, आणि भाषाशुद्धीचा आग्रहही धरला. परभाषेचे अध्यापन आणि स्वभाषेचा अभिमान एकाच माणसाच्या ठायी नांदतात याचा हा नमुना करंदीकरांच्या पिढीसमोर प्रत्यक्ष उभा होता.

प्रारंभी मुंबईबाहेर अध्यापन करून करंदीकर मुंबईस आले. माटुंग्याचे रामनारायण रुईया महाविद्यालय आणि पुढे शीव येथे १९६० मध्ये स्थापन झालेले एस. आय. ई. एस. महाविद्यालय, या दोन संस्थांशी त्यांच्या अध्यापनाचा मुख्य भाग निगडित आहे. दोन्ही संस्थांच्या परिसराचा विचार करावा. माटुंगा-शीव हा भाग म्हणजे तमिळ, गुजराती, कच्छी आणि मराठी कुटुंबांची शेजारशेजारची वस्ती. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी ही तर दक्षिणेतून मुंबईत आलेल्यांच्या मुलांसाठी १९३२ मध्ये निघालेली संस्था. अशा वर्गात इंग्रजी ही साहेबाची भाषा उरत नाही. परस्परांच्या घरची भाषा न समजणाऱ्या मुलांना एका बाकावर बसवणारी ती एक सोय होते. ज्या वर्गात स्वतःची कविता म्हणून दाखवली तर निम्म्या मुलांना कळणार नाही, त्या वर्गात वर्षानुवर्षे शेक्सपिअर शिकवणाऱ्या कवीला भाषांतराचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तो रोज सकाळी घंटा वाजताच समोर येतो.

त्याच शहरात, त्याच वर्षांत, आणखी एक कवी इंग्रजी शिकवीत होता. निसिम इझिकेल (१९२४–२००४) हे बेने इस्रायली कुटुंबातले. या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मायबोली मराठी. त्यांचा 'ए टाइम टु चेंज' हा पहिला संग्रह १९५२ मध्ये लंडनहून निघाला आणि १९६१ पासून ते विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी कविता इंग्रजीत लिहिली. करंदीकरांनी मराठीत लिहिली आणि मग स्वतःच तिची इंग्रजी रूपे सिद्ध केली, ती १९७५ आणि १९७९ च्या संग्रहांतून प्रसिद्ध झाली. ही तुलना एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवण्यासाठी नाही. इझिकेल यांनीही वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कवितांची भाषांतरे केली, तेव्हा मराठीशी त्यांचा धागा तुटलेला नव्हता. परंतु 'इंग्रजीच्या अध्यापकाने कोणत्या भाषेत लिहावे' हा प्रश्न त्या काळच्या मुंबईत खरोखर खुला होता आणि दोन्ही उत्तरे देता येत होती, एवढे त्यावरून दिसते. करंदीकरांनी मराठी निवडली ती इंग्रजी येत नव्हती म्हणून नव्हे. ही गोष्ट स्वयंसिद्ध वाटते, तरी ती ध्यानात न घेतल्यामुळे त्यांच्या भाषांतरकार्याचे मोल पुष्कळदा कमी आकले जाते.

पहिला संग्रह 'स्वेदगंगा' १९४९ मध्ये निघाला. महायुद्ध, बंगालचा १९४३ चा दुष्काळ, १९४६ चे नाविकांचे बंड, गिरण्यांतील संप आणि फाळणी या सर्वांची धग या संग्रहाच्या मागे आहे. मार्क्सच्या विचाराची छाप उघड आहे, श्रमाचा घाम हीच गंगा हे नावच ती छाप सांगते. दोन वर्षे आधी, १९४७ मध्ये, मर्ढेकरांच्या 'काही कविता' प्रसिद्ध झाल्या होत्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला होता. यंत्रयुगातील माणसाचे चिरडलेपण मर्ढेकरांनी पाहिले. करंदीकरांनी तेच यंत्रयुग पाहिले, पण त्यांना त्यात उठावाची शक्यता दिसली. स्पष्टच सांगावयाचे तर 'स्वेदगंगे'तील घोषणावजा रचना आज फिक्या वाटतात. त्यांतील आवाज सभेचा आहे, आणि सभा संपल्यावर तो मागे रेंगाळत नाही. परंतु त्याच संग्रहात शब्दाच्या नादावरील जी पकड दिसते ती पुढे 'मृद्‌गंध' (१९५४) आणि 'ध्रुपद' (१९५९) यांमध्ये पक्व झाली. 'जातक' (१९६८) हा चौथा संग्रह येईपर्यंत त्यांच्या कवितेत शरीर, मृत्यू, ईश्वर, विनोद या सर्वांनी एकमेकांची कुंपणे मोडली होती.

इंग्रजी काव्याच्या अध्यापनाचा ठसा या संग्रहांवर कोठे शोधावा? कल्पनांत शोधणे सोपे आणि बहुधा फसवे. एलियटची एखादी प्रतिमा, ब्राउनिंगच्या नाट्यात्मक एकभाषिताची आठवण करून देणारी एखादी व्यक्तिरेखा, अशा जागा दाखवून देता येतील, पण त्या दाखवून काय साधते? ब्राउनिंग वाचलेला कवी मराठीत शेकड्यांनी सापडेल. खरा ठसा रचनेच्या जाणिवेत आहे. छंदाला बंधन न मानता उपकरण मानण्याची, त्याचे सांधे सुटे करून पाहण्याची सवय ही वर्गात ओळीओळीचे स्कॅनिंग करून दाखवणाऱ्याची सवय आहे. करंदीकरांचे 'मुक्तसुनीत' हे याचे उत्तम उदाहरण. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले तेव्हा त्याला अक्षरगणवृत्ताचा, बहुधा शार्दूलविक्रीडिताचा, पोशाख चढवला. रविकिरण मंडळाने तो पोशाख रूढ केला. करंदीकरांनी चौदा ओळींतील विचाराचे वळण तेवढे ठेवले आणि वृत्त उतरवून टाकले. सुनीताचा प्राण यमकांच्या आकृतीत नसून विचार मध्येच ज्या ठिकाणी मोहरा फिरवतो त्या ठिकाणी आहे, हे शिकवून शिकवून ज्याच्या हाडीमासी खिळले आहे, त्यालाच हे धाडस सुचावे.

दुसरीकडे त्यांची 'तालचित्रे' पाहावीत. येथे इंग्रजीचा काहीच उपयोग नाही. 'ध्रुपद' हे संग्रहाचे नाव, 'झपताल' हे एका सुप्रसिद्ध कवितेचे नाव. हिंदुस्थानी संगीतातील मात्रांचा हिशेब त्यांनी शब्दांत उतरवून पाहिला. 'आततायी अभंग' या नावात तर परंपरेशी असलेले प्रेम आणि भांडण दोन्ही एकत्र आले आहे. वारकऱ्यांचा छंद घ्यावयाचा आणि त्यात वारकऱ्याला न रुचणारे प्रश्न विचारावयाचे, हा प्रकार मर्ढेकरांनीही केला होता, पण मर्ढेकरांचा अभंग आर्त आहे. करंदीकरांचा वितंड घालतो. एकाच कवीने इंग्रजी सुनीत सैल करावे आणि मराठी अभंग ताणावा, ही दोन्ही कामे एका कारागिराची आहेत. म्हणून त्यांना 'प्रयोगशील' हे विशेषण लावून मोकळे होणे पुरेसे नाही.

वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्यासमवेत करंदीकरांनी महाराष्ट्रभर केलेल्या काव्यवाचनाच्या कार्यक्रमांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा येथे विस्तार नको. एवढेच म्हणावे की, तिघेही अध्यापन केलेले होते आणि तिघांनाही मोठ्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याची कला अवगत होती. छापील पानावर दुर्बोध वाटणारी नवी कविता तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणात शेकडो माणसे ऐकत बसली, याचे श्रेय काव्याइतकेच या कलेलाही आहे. करंदीकरांचे वाचन ठणठणीत व नाट्यमय असे.

परंतु या कारकिर्दीचा जो भाग संशोधकाने सर्वाधिक लक्षपूर्वक पाहावा असा आहे, तो भाषांतरांचा. 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले, गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग १९६५ मध्ये, 'राजा लिअर' १९७४ मध्ये. या तिन्ही तारखा काव्यसंग्रहांच्या तारखांच्या मधोमध बसतात, कवितेला विश्रांती म्हणून हाती घेतलेले हे काम नव्हे. तिन्ही ग्रंथ युरोपीय साहित्याच्या अभ्यासक्रमाचे खांब आहेत. दर वर्षी नव्या मुलांपुढे ॲरिस्टॉटलची शोकांतिकेची व्याख्या फळ्यावर लिहून ती फोडून सांगणाऱ्या अध्यापकाला एक गोष्ट लवकरच उमगते. वर्गातील हुशार मुलगा 'कॅथार्सिस' हा शब्द पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि उत्तीर्णही होतो. त्याला तो शब्द समजला की नाही याची परीक्षा मात्र होत नाही. ती परीक्षा भाषांतर करू लागताच होते. 'विरेचन' म्हणावे तर वैद्यकातील अर्थ पुढे येतो, साचलेले बाहेर टाकण्याचा. 'शुद्धीकरण' म्हणावे तर धर्मविधीचा वास येतो. भावनांची 'स्पष्टता' म्हणावे तर त्या शब्दातील शरीर नाहीसे होते. 'मिमेसिस'ला 'अनुकरण' म्हटले की नक्कल हा हीन अर्थ मराठी वाचकाच्या मनात आधीच हजर असतो, आणि भरताच्या नाट्यशास्त्रातील अनुकरणाची चर्चाही जागी होते. इंग्रजीत ग्रीक शब्द तसाच ठेवून पळवाट काढता येते, मराठीत ती फार काळ टिकत नाही. भाष्यकाराला बाजू घ्यावीच लागते. अशा ग्रंथाचे मराठीकरण म्हणजे विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हे, ती अध्यापकाने स्वतःची घेतलेली परीक्षा आहे.

याच ठिकाणी करंदीकर आणि मर्ढेकर यांचे मार्ग सिद्धान्ताच्या पातळीवर वेगळे होतात. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) पासून 'सौंदर्य आणि साहित्य'पर्यंत जो विचार मांडला त्यात कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी सिद्ध होते. साहित्याने जीवनाशी काय केले हा प्रश्न त्या मांडणीत दुय्यम ठरतो. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९५६ मध्ये, मर्ढेकरांच्या निधनाच्याच वर्षी. पुढील वर्षी करंदीकरांचे 'काव्यशास्त्र' निघाले. ॲरिस्टॉटलकडे जाणे म्हणजे मर्ढेकरांना अप्रत्यक्ष उत्तर देणे होते काय? तसा हेतू सिद्ध करता येणार नाही. परंतु ॲरिस्टॉटलच्या विचारात शोकांतिकेचा प्रेक्षकाच्या भय-करुणेशी, म्हणजे जिवंत माणसाशी, अतूट संबंध आहे, आणि करंदीकर ज्या सिद्धान्ताकडे पुढे वळले तो साहित्य ही 'जीवनवेधी' कला आहे असे मानणारा आहे. 'परंपरा आणि नवता' (१९६७) या लेखसंग्रहात आणि दीर्घ काळानंतर १९९१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या 'लिटरेचर ॲज अ व्हायटल आर्ट' या पुस्तकात हा विचार आला आहे. साहित्य शब्दांचे बनते, शब्दाला अर्थ असतो, आणि अर्थ जीवनाला चिकटलेला असतो, म्हणून चित्र-संगीताचे शुद्ध रूपवादी नियम साहित्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, अशी ही साधारण भूमिका आहे. मर्ढेकरांच्या मांडणीची तात्त्विक धार या भूमिकेला नाही, हे कबूल करावयास हवे. पण वर्गात साहित्य शिकवणाऱ्याला ती अधिक उपयोगी पडते, आणि कदाचित वर्गातूनच ती जन्मली असावी.

'राजा लिअर'चे स्थान समजण्यासाठी मराठीतील शेक्सपिअरचा इतिहास थोडा आठवावा लागतो. शंकर मोरो रानडे यांचे 'अतिपीडचरित' (१८८१), आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३), देवलांचे 'झुंजारराव' (१८९०) ही एकोणिसाव्या शतकातील रूपांतरे. नावांवरूनच कळते की, पात्रे, स्थळे, वेष सर्व देशी करून घ्यावयाचे, हा त्या काळचा संकेत होता. रंगभूमीच्या दृष्टीने तो रास्तही होता. विसाव्या शतकात शिरवाडकरांनी 'राजमुकुट' (१९५४) आणि 'ऑथेल्लो' (१९६१) लिहून या परंपरेला नवे वळण दिले आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. 'नटसम्राट' हे लिअरचे भाषांतर नाही. लिअरच्या दुःखाचे बीज घेऊन उभे केलेले ते स्वतंत्र मराठी नाटक आहे, आणि त्याच्या यशामुळे लिअर हा मराठी प्रेक्षकाच्या घरातला म्हातारा झाला. अशा क्षणी, चार वर्षांनी, करंदीकर मूळ संहिता घेऊन येतात. व्यावसायिक दृष्टीने पाहता याहून अयोग्य वेळ शोधून सापडली नसती. ज्या वाचकाला लिअर 'नटसम्राटा'त भेटला आहे त्याला विदूषकाचे कोडेवजा बोल, ग्लॉस्टरचे उपकथानक, वादळातील ती विस्कळीत आक्रंदने, हे सर्व पुन्हा का वाचावे?

कारण रूपांतर जे गाळते ते मूळ संहितेतच राहते. लिअरचे दुःख घरगुती आहे तसेच ते राज्याचे आहे. छत्र नसलेल्या, उघड्यावर भिजणाऱ्या दरिद्री माणसांची राजाला प्रथमच आठवण होते तो क्षण घरगुती शोकांतिकेत सामावत नाही. 'स्वेदगंगे'च्या कवीला तो क्षण दिसला नसता तरच आश्चर्य. अध्यापक म्हणून संहितेतील एकही ओळ टाळता येत नाही ही सवय, आणि कवी म्हणून अन्यायाच्या त्या ओळीवर थबकणे, या दोहोंची येथे गाठ पडली आहे. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोल्हापूरच्या 'प्रत्यय' या संस्थेने हेच भाषांतर रंगमंचावर आणले आणि डॉ. शरद भुथाडिया यांनी लिअर उभा केला. अभ्यासकाच्या टेबलासाठी केलेले भाषांतर प्रेक्षकासमोर टिकते काय, या शंकेचे उत्तर त्या प्रयोगांनी दिले.

लघुनिबंध आणि बालकविता हे दोन प्रांत राहिले. 'स्पर्शाची पालवी' (१९५८) आणि 'आकाशाचा अर्थ' (१९६५) ही पुस्तके ज्या वाङ्मयप्रकारात मोडतात तो प्रकारच इंग्रजीच्या वर्गातून मराठीत आला. लँब आणि त्याचे वंशज पाठ्यपुस्तकांत नसते तर फडके-खांडेकरांचा लघुनिबंध या रूपात जन्मता की नाही, शंकाच आहे. करंदीकर या प्रकाराच्या उतरत्या काळात त्याच्याकडे आले आणि त्यांनी त्याला कवितेच्या अंगाने नेले. त्याने प्रकार जगला नाही, पण दोन चांगली पुस्तके मिळाली. बालकवितेत मात्र त्यांनी नवीच वाट पाडली. 'राणीची बाग' (१९६१), 'एटू लोकांचा देश' (१९६३), 'परी ग परी' (१९६५), 'अजबखाना' (१९७४), 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' (१९८१) या पुस्तकांत उपदेश जवळजवळ नाही. असंबद्धतेचा निखळ आनंद आहे. एडवर्ड लिअर आणि लुई कॅरल यांची आठवण इंग्रजीच्या अध्यापकाला होणारच, परंतु पिशीमावशी मसणवटीत राहते ती कोकणातल्या भुतांच्या गोष्टींमुळे. इंग्रजी 'नॉन्सेन्स' आणि धालवलीची काळोखी रात्र यांचे हे लग्न मोठे सुखाचे झाले.

'जातक' (१९६८) नंतर 'विरूपिका' (१९८१) येईपर्यंत तेरा वर्षे गेली. मधल्या काळात 'संहिता' (१९७५) हा मंगेश पाडगावकर यांनी संपादित केलेला निवडक कवितांचा संग्रह निघाला, 'राजा लिअर' निघाला, बालकवितांची पुस्तके निघाली, पण स्वतंत्र प्रौढ कवितेचा नवा संग्रह नाही. या मौनाचे कारण अध्यापनाच्या ओझ्यात शोधण्याचा मोह होतो. पाठ्यपुस्तके, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि विद्यापीठाच्या समित्या यांनी अनेक प्राध्यापक-कवींचा घास घेतला आहे, हे खोटे नव्हे. पण ज्या माणसाने याच वर्षांत लिअर मराठीत आणला त्याच्याबाबत हे कारण पटत नाही. अधिक संभाव्य असे दिसते की, स्वतःचा ठरून गेलेला आवाज पुन्हा पुन्हा काढण्यास हा कवी तयार नव्हता. 'विरूपिका'तील लहान, तिरकस, हसत हसत चावा घेणाऱ्या रचना पूर्वीच्या करंदीकरांपासून इतक्या निराळ्या आहेत की, मधल्या तेरा वर्षांत काय शिजत होते याची कल्पना येते. त्याच वर्षी 'अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण' प्रसिद्ध झाले. ज्ञानदेवांच्या सुमारे आठशे ओव्या आजच्या मराठीत आणण्याचे हे काम आहे. गटे-शेक्सपिअर मराठीत आणणाऱ्याने मराठीच मराठीत आणावी लागावी, यात शिक्षणाच्या इतिहासावरील एक कडवट भाष्य दडलेले आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या पदवीधराला 'अमृतानुभव' 'किंग लिअर'इतकाच परका झाला होता. दोन्हीकडे दुभाष्या हवा होता, आणि दोन्हीकडे तो एकच निघाला.

नेमाडे यांनी पुढे इंग्रजी विभागांच्या अस्तित्वावर व देशी साहित्यव्यवहारावर त्यांच्या होणाऱ्या परिणामावर जी टीका केली, तिच्या प्रकाशात करंदीकरांचे हे कार्य पुन्हा तपासले पाहिजे. इंग्रजी शिकवणारा मराठी लेखक हा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असा त्या टीकेचा एक अर्थ निघतो. करंदीकरांचे उदाहरण या मताला पूर्णतः खोडत नाही. ते अपवाद आहेत असे म्हणता येईल. परंतु अपवाद कशामुळे झाला हे सांगता येते: परकीय साहित्याकडे ते भक्त म्हणून गेले नाहीत, की त्याला शत्रू मानून त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी ते भाषांतरकर्त्याच्या डोळ्यांनी वाचले, आणि भाषांतरकर्त्याला प्रत्येक शब्दाची किंमत आपल्या भाषेच्या नाण्यात मोजावी लागते.

उत्तरायुष्यात सन्मान मिळत गेले. १९९३ मध्ये जनस्थान पुरस्कार, १९९६ मध्ये साहित्य अकादमीची अधिछात्रवृत्ती, आणि २००३ या वर्षाचा ज्ञानपीठ पुरस्कार. वि. स. खांडेकर व कुसुमाग्रज यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते तिसरे मराठी साहित्यिक. पुरस्कारांच्या रकमा ते सार्वजनिक कामांना देऊन टाकीत. वांद्र्याच्या साहित्य सहवासातील त्यांच्या घराच्या व संसाराच्या आठवणी त्यांच्या पत्नी सुमा करंदीकर यांनी 'रास' या पुस्तकात लिहिल्या आहेत, आणि त्यांच्या काव्याचा सर्वांत विस्तृत अभ्यास विजया राजाध्यक्ष यांच्या 'बहुपेडी विंदा'त आहे. १४ मार्च २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शेवटचा मोठा ग्रंथ 'अष्टदर्शने' २००३ मध्ये आला, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहौअर, नित्शे, बर्गसाँ या सात युरोपीय तत्त्वज्ञांची आणि आठव्या चार्वाकाची दर्शने येथे संतांच्या छंदाशी नाते सांगणाऱ्या पद्यात मांडली आहेत. काव्य म्हणून त्याची उंची 'जातक'ची नाही. कांटचे ज्ञानमीमांसेचे प्रश्न पद्यात बसवताना कवीपेक्षा शिक्षक पुढे होतो, आणि तो होणारच. पण ग्रंथाच्या मांडणीतील एक निर्णय लक्षात घेण्यासारखा आहे. सात परकीयांच्या रांगेत जो एकच भारतीय बसवला तो शंकराचार्य नव्हे, ज्ञानदेवही नव्हे, तर ज्याचा स्वतःचा ग्रंथ उरला नाही आणि ज्याची मते आपल्याला मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या पोथ्यांतून कळतात, तो चार्वाक. 'अमृतानुभवा'वर वर्षे घालवलेल्या माणसाने ही निवड केली आहे. 'आततायी अभंगां'पासून जो वाद तो परंपरेशी घालीत आला त्याची ही अखेरची फेरी म्हणावी लागेल. गटेचा 'फाउस्ट' मात्र पहिल्या भागापाशीच थांबला आहे, दुसरा भाग त्यांच्या हातून मराठीत आला नाही.